कबुतराचं रक्त

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. पावसाळ्यात एकदा रहस्यकथा काढली होती. घरातली चांदीची अत्तरदाणी नाहीशी होते, घरात पाच-सहा माणसं, बाहेर धो धो पाऊस, दाराला आतून कडी. शेवटची दोन पानं उरली तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "सांगा बरं, कुणी घेतली असेल?" मुलांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून मी पाण्याची बाटली उघडायला घेतली, तेवढ्यात चार-पाच जण एका सुरात ओरडले, "कामवाल्या मावशी!" गोष्टीत त्या बाईच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं आली होती. सकाळी येते, भांडी घासते, जाते. लेखकानं तिच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. "कशावरून?" म्हणून विचारलं तर एकजण म्हणाला, "काकू, ती येते ना घरात." त्याच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं होतं. मला टोचत राहिलं ते त्यापुढचं. हात वर करणाऱ्यांत आमच्या वॉचमनची मुलगीही होती. तिची आई आमच्याच विंगमध्ये धुणी-भांडी करते. तिनंही इतरांइतक्याच उत्साहानं तेच उत्तर दिलं होतं.

गोष्टीतला चोर अर्थातच दुसरा निघाला. मुलं "अरेच्चा" म्हणाली आणि डबकी तुडवायला खाली पळाली. मी खुर्च्या रचत बसले आणि त्या मुलीचा उंचावलेला हात काही डोळ्यांपुढून जाईना. हे तिला कुणी शिकवलं? घरात तर नक्कीच नाही. मग कुठल्या मालिकेत, कुठल्या गोष्टीत, लिफ्टमधल्या कुठल्या बोलण्यात ते तिच्या कानावर पडलं असेल?

आम्ही लहानपणी ज्या रहस्यकथा वाचल्या त्यांचा तरी यात किती हात आहे, असं मनात येतं. गावातल्या वाचनालयातली ती पुस्तकं. कडा पिवळ्या पडलेल्या, बांधणीच्या खळीला एक आंबूस वास, मधली पानं कुणीतरी वाचता वाचता चहात बुडवलेली. त्यांतल्या गुप्तहेराला पुराव्याची फारशी गरज पडत नसे. त्याला नजर होती. समोरचा दचकला, त्याच्या कपाळावर घाम आला, तो छद्मी हसला, की झालं. गुन्हेगाराच्या गालावर व्रण असायचा, नाहीतर भुवई तुटकी असायची, नाहीतर तो कालपरवाच कामाला लागलेला नोकर असायचा. ती पुस्तकं मला अतिशय आवडायची आणि आजही त्यांच्यावर राग धरवत नाही. पांघरुणात शिरून वाचताना पाठीवर येणारा काटा मी विसरलेले नाही. पण माणसाच्या तोंडाकडे बघून त्याचा गुन्हा ओळखता येतो, ही समजूत त्याच पांघरुणात माझ्या अंगी मुरली, हेही खरं.

ती समजूत प्रत्यक्षात कशी दिसते ते मी माझ्या आजोळी पाहिलं होतं. राजापूरच्या बाजूचं कौलारू घर, शेणानं सारवलेलं खळं, भाताचे दिवस. मामीची अंगठी हरवली. दोन दिवस शोधाशोध झाली आणि तिसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या सगळ्या गड्यांना आणि बायकांना पडवीत रांगेनं बसवलं. एका जाणत्या माणसानं काहीतरी पुटपुटत प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर कोरडे तांदूळ ठेवले. चावायचे, आणि केळीच्या पानावर थुंकायचे. ज्यानं चोरी केली असेल त्याच्या तोंडातून तांदूळ कोरडेच पडतील. मी दाराच्या आडून बघत होते. तांदूळ चावल्याचा कुरकुर आवाज, माजघरातल्या घड्याळाची टिकटिक, आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. कांडपाला येणारी एक बाई होती. उंच, हसरी, मला मुसळ उचलून दाखवायची. तिच्या तोंडातून पांढरीफटक, कोरडी भुकटी पडली. कुणी तिला मारलं नाही, कुणी बोललं नाही. मामीनं फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती आत निघून गेली.

अंगठी सापडली नाही. ती बाई पुन्हा आमच्याकडे आली नाही.

भीतीनं तोंड कोरडं पडतं, हे पुढे शाळेत शरीरशास्त्र शिकताना कळलं. माणूस घाबरला की लाळ आटते, छाती धडधडते, तळहात गार पडतात. पण शरीराला चोरीची भीती आणि चोरीच्या आळाची भीती यांतला फरक कळत नाही. घरात जी सर्वांत दुबळी, जिचं जाण्यासारखं सर्वांत जास्त, तिचंच तोंड आधी कोरडं पडणार. खोटं पकडणारं म्हणून जे यंत्र सिनेमात दाखवतात तेही नाडी, श्वास आणि घाम यांवरच चालतं; म्हणजे घराणं त्या तांदळाचंच. संमतीशिवाय कुणावर अशी चाचणी, किंवा नार्को चाचणी, करता येणार नाही असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली दिला तेव्हा मला ती पडवी आठवली होती.

तर त्या अत्तरदाणीनंतर मी ठरवलं की पुढचे काही रविवार फक्त न्यायवैद्यकाच्या गोष्टी. मुलांना फॉरेन्सिक हा शब्द माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. टीव्हीवर पाहिलेलं निळं पाणी, हातमोजे, पिवळी पट्टी, सगळं त्यांनी मला सांगून टाकलं. मी त्यांना कंपासपेटीतून सुरुवात करायला लावली. सहाणेसारख्या खरखरीत कागदावर पेन्सिलीचं शिसं घासून भुकटी केली, ती मऊ ब्रशनं काचेच्या पेल्यावर हलकेच फिरवली आणि उमटलेला ठसा सेलोटेपनं उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवला. पुढच्या वेळी सगळ्यांना खिसे उलटे करून कागदावर झटकायला सांगितले. खोडरबराचे कण, पेन्सिलीचा भुगा, मैदानातली माती, कुरमुऱ्याची फोलं, आणि एकीच्या खिशातून मांजराचे तीन पिवळट केस. तिच्याकडे मांजर नाही. केस निघाले तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या मांजराचे. फ्रान्समधल्या लियों शहरात एदमों लोकार नावाच्या माणसानं १९१० साली न्यायालयाच्या माळ्यावरच्या खोल्यांत प्रयोगशाळा थाटली आणि दोन गोष्टी भिडल्या की एकमेकींचं काहीतरी घेऊन जातात हा विचार पोलिसांच्या गळी उतरवला, हे मी त्यानंतर सांगितलं. ते त्यांना सांगायची फार गरज नव्हती. मांजरानं आधीच सांगितलं होतं.

हळदीचा रविवार मात्र माझा लाडका. पांढऱ्या फडक्यावर एक तांबडा डाग घेऊन गेले आणि हे काय म्हणून विचारलं. "रक्त!" पुन्हा एका सुरात. मी काही न बोलता त्यावर लिंबू पिळलं. डाग बघता बघता पिवळा झाला. फडक्यावर हळद होती आणि तिला मी साबण लावला होता. साबणानं हळद तांबडी होते आणि लिंबानं परत पिवळी, हे यांच्या प्रत्येकाच्या आईला, आणि भांडी घासणाऱ्या मावशींना तर नक्कीच, माहीत आहे. हॉलमध्ये क्षणभर शांतता झाली. त्या शांततेसाठीच मी हे सगळं करत होते. आपण डोळ्यांनी पाहिलं, खात्रीनं ओरडलो, आणि ते तसं नव्हतं. मग मी त्यांना सांगितलं की प्रयोगशाळेतही रक्त ओळखण्याची पहिली चाचणी ही फक्त शंका घेण्यापुरती असते. रंग गुलाबी झाला तर रक्त असू शकतं, एवढंच. काही भाज्यांच्या रसानंही तो तसा होतो.

जुन्या गोष्टीही सांगितल्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अचानक मेलेल्या माणसाची तपासणी कशी करावी यावर एक अख्खा अध्याय आहे, आशुमृतकपरीक्षा. देहाला तेल लावून मग तो तपासा, विषाचा संशय असेल तर ताटात उरलेलं पक्ष्यांना घालून बघा, असे त्यातले बारकावे मुलांनी डोळे मोठे करून ऐकले. पण त्याच अध्यायात, मृतानं आपल्या कुठल्या सेवकाला शिवीगाळ किंवा मारहाण केली होती त्याचा माग घ्या, असंही सांगितलेलं आहे. इतकं बारीक निरीक्षण, आणि नजर वळली ती शेवटी पुन्हा चाकराकडेच. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि थोडं वेगळंही काही वाटलं. ज्याचा अपमान झालाय त्याच्या मनात राग असणार, हे निदान त्या लिहिणाऱ्याला दिसत होतं. आमच्या मुलांच्या उत्तरात तेवढंही नव्हतं.

मग चीनमधली ती विळ्याची गोष्ट. सोंग त्सी नावाच्या न्यायाधिकाऱ्यानं १२४७ साली मृत्यूच्या चौकशीवर एक ग्रंथ लिहिला, त्यात ती येते. रस्त्यालगत एका माणसाचा खून होतो, घाव विळ्याचे. अधिकारी आसपासच्या सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर मांडायला लावतो. उन्हाळ्याचे दिवस. थोड्या वेळानं माशा येतात आणि एकाच विळ्यावर घोंगावतात. धुऊन पुसलेलं असलं तरी रक्ताचा वास त्यांना लागतो. विळ्याचा धनी गुन्हा कबूल करतो. ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास टाळ्या वाजवतात. आमच्याकडेही वाजवल्या. फक्त एक मुलगा, ज्याच्या मामाचं मटणाचं दुकान आहे, तो म्हणाला, "काकू, पण त्यानं सकाळी बोकड कापला असेल तर?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर जलपाइगुडीला जावं लागतं.

उत्तर बंगालमध्ये, भूतानच्या पायथ्याशी, चहाचे मळे. १८९७ साली तिथल्या एका मळ्याचा व्यवस्थापक आपल्या बंगल्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उघडलेली, काही शे रुपये गेलेले. संशयितांची यादी अशी तयार झाली की जणू कुणीतरी खुर्चीत बसूनच लिहिली असावी. मळ्यातले मजूर, कारण साहेब कामाला फार जाच करायचा. त्याच्याशी संबंध असलेल्या एका स्त्रीचे नातेवाईक. जवळच तळ ठोकून गेलेले काबुली. चोरीबद्दल साहेबानं तुरुंगात धाडलेला एक जुना नोकर. आणि स्वयंपाकी, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. तो म्हणत होता की साहेबांच्या जेवणासाठी कबुतर कापलं, ते रक्त. अशा वेळी, साहेब मेलेला आणि स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्त, कुणी ऐकलं असतं? कपडे रासायनिक तपासणीसाठी गेले. अहवाल आला की स्वयंपाकी म्हणतो ते बरोबर आहे.

हे कसं कळलं असेल, ते सांगायला मी मुलांपुढे दोन चित्रं काढली. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात आणि त्यांत केंद्रक नसतं. पक्ष्यांच्या पेशी लांबट, अंड्याच्या आकाराच्या, आणि मधोमध केंद्रकाचा ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला की हे पक्ष्याचं रक्त. "आणि बोकडाचं?" मटणवाल्याच्या भाच्यानं लावून धरलं. बोकडाच्या पेशीही गोल आणि बिनठिपक्याच्या. फक्त आकारानं लहान, आणि वाळलेल्या जुन्या डागात तो फरक भरवशानं सांगणं कठीण. म्हणजे त्या स्वयंपाक्यानं त्या दिवशी कबुतराऐवजी बोकड कापला असता, तर त्या काळचं विज्ञान त्याला सोडवू शकलं नसतं. माणसाचं आणि जनावराचं रक्त वेगळं ओळखण्याची खात्रीची चाचणी जर्मनीत पाउल उलेनहुट यांनी १९०१ साली दिली. तोवर अशा डागाबद्दल 'सस्तन प्राण्याचं रक्त' एवढंच म्हणता यायचं, आणि प्रामाणिक रसायनतज्ज्ञ तेवढंच म्हणायचा.

जलपाइगुडीच्या बंगल्यात पेटीतल्या कागदांत एक बंगाली पंचांग होतं, फिकट निळ्या कागदाचं वेष्टन असलेलं. त्यावर दोन पुसट तपकिरी डाग. भिंगातून पाहिल्यावर एकात रेषा दिसल्या, उजव्या अंगठ्याच्या. त्याच वर्षी कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं होतं. एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या नावानं जी पद्धत पुढे जगभर गेली ती उभी करण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. हकसाहेबांनी गणिती सूत्र बसवून ठशांचे १०२४ कप्पे पाडले, म्हणून हजारो कागदांतून नेमका एक शोधणं शक्य झालं. पंचांगावरचा अंगठा त्या जुन्या नोकराच्या, कांगाली चरणच्या, ठशाशी जुळला. तो दूर बीरभूममध्ये सापडला. तपकिरी डाग रक्ताचा होता, सस्तन प्राण्याच्या.

मुलांनी इथे माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अपेक्षितच होती. म्हणजे नोकरच निघाला की! ही गोष्ट निवडताना मी यावर पुष्कळ घुटमळले होते. चोर नोकर नसलेल्या गोष्टी निवडणं सोपं होतं, पण मग मी त्या पिवळ्या पानांच्या लेखकांसारखंच, फक्त उलट्या बाजूनं, आधी उत्तर ठरवून निघाले असते. म्हणून पुढचं सांगितलं. १८९८ साली न्यायालयानं कांगाली चरणला चोरीसाठी दोषी धरलं आणि खुनाच्या आरोपातून सोडलं. अंगठा सांगत होता की या माणसानं रक्ताला हात लागल्यानंतर पेटीतले कागद चाळले. सुरी कुणी चालवली ते अंगठ्याला ठाऊक नव्हतं आणि पाहणारा कुणी नव्हता. पुरावा जिथवर गेला तिथवर न्यायालय गेलं आणि थांबलं. मुलं चिडली. "असं कसं? त्यानंच केला असणार!" हॉलमध्ये एवढा गोंधळ झाला की खालून सेक्रेटरी वर येऊन गेले. मला त्यांचं चिडणं समजत होतं. मलाही त्या निकालाचं पूर्ण समाधान नाही. एक माणूस मेला आणि त्याच्या मरणाचा हिशेब कागदावर अपुरा राहिला. पण तो स्वयंपाकी आणि ते काबुली, ते मजूर, यांना त्या वर्षी घरी जाता आलं, आणि ते यामुळेच की कुणीतरी 'असणार' या शब्दावर विसंबलं नाही.

काही पालकांनी विचारलं, एवढ्याशा मुलांना गळा चिरल्याच्या गोष्टी कशाला. बरोबर आहे त्यांचं. मी तपशील गाळते, रक्ताचं वर्णन करत नाही. मुलांना त्यात रसही नसतो. त्यांना पंचांगावरचा डाग हवा असतो. मला मुलांसाठीच्या आजच्या रहस्यकथांत खटकतं ते मरण नव्हे, खात्री खटकते. संगणकाच्या पडद्यावर दोन ठसे एकमेकांवर सरकतात, हिरवा दिवा लागतो, चोर सापडला. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे स्फोटांच्या तपासात अमेरिकेच्या एफबीआयनं एका पिशवीवरच्या ठशावरून ओरेगनमधल्या एका वकिलाला अटक केली होती. अनुभवी तज्ज्ञांनी जुळवणी पक्की म्हणून सांगितली होती. ठसा दुसऱ्याच माणसाचा आहे हे स्पेनच्या पोलिसांनी दाखवलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. हेही गोष्टीत आलं पाहिजे, कारण ही मुलं मोठी होतील तेव्हा प्रयोगशाळेचा शब्द त्यांच्या भोवती आजच्यापेक्षा खूप जास्त असेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं ठरवलं आहे. मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे रोज जाणारी ती मोहोरबंद पाकिटं, लाखेचे ठिपके, पंचांच्या सह्या, हे आपल्या कथांत कुठेच दिसत नाही. एक सही राहिली म्हणून पुरावा गळतो, यात किती नाट्य आहे!

आता आम्ही पंचनामा लिहायला शिकतोय. मी टेबलावर काहीतरी मांडून ठेवते, कलंडलेला पेला, अर्धी खाल्लेली पोळी, चिखलाचा पाय, आणि मुलांनी फक्त जे दिसतं ते लिहायचं. 'कुणीतरी घाईत पळालं' असं लिहिलं की ते वाक्य खोडायचं. वॉचमनच्या मुलीची वही सर्वांत चांगली असते. ती पेल्याच्या काठापासून टेबलाच्या कडेपर्यंतचं अंतर वितीनं मोजते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या गोष्टीच्या वेळी तीच एकटी पुढे सरकून बसली होती. तिथे १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएची ओळख पटवण्याची रीत सापडली, आणि दोनच वर्षांनी पोलीस तपासात ती पहिल्यांदा वापरली तेव्हा तिनं एका सतरा वर्षांच्या मुलाला निर्दोष ठरवलं. त्यानं न केलेला गुन्हा कबूल केला होता. "न करता कसा कबूल केला?" तिनं विचारलं. मी तिला राजापूरच्या पडवीतले तांदूळ सांगितले. त्या बाईचं पुढे काय झालं असं तिनं विचारलं, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

मराठीत अशा गोष्टी मला हव्या आहेत. देवगडचा म्हणून विकलेल्या आंब्याच्या पेटीतल्या गवताची गोष्ट, कारण ते गवत कुठल्या मातीतलं ते सांगता येतं. मिरकरवाड्याच्या बंदरात जाळ्याला लागलेल्या रंगाची. दुधाच्या किटलीची. शाळेत फुटलेल्या पेपरवरच्या शाईची, जी ओल्या खडूवर चढवली की निळ्यातून जांभळी आणि गुलाबी वेगळी होते. एखादी अशीही, जिच्यात आरोप ज्याच्यावर आहे तो पहिल्याच पानावर भेटतो, त्याला नाव असतं, घर असतं, आणि शेवटच्या पानावर तो कामावर परत जातो की नाही हेही लेखक सांगतो. वाचणाऱ्यांपैकी कुणी ठसेतज्ज्ञ असेल, प्रयोगशाळेत नोकरी केलेलं असेल, किंवा नुसतंच लिहिता येत असेल, तर लिहून पाठवा. हस्तलिखित चालेल, शेवट सापडलेला नसला तरी चालेल. मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं, आणि चुका काढायला तो मटणवाल्याचा भाचा आहेच.